गाव सुटले, आडनाव लागले

वाराणसीच्या मैदागिन भागात पत्रकारांची एक वास्तू आहे. शहरातल्या पत्रकार परिषदा, सत्कार आणि शोकसभा बहुधा इथेच होतात. नाव ‘पराड़कर स्मृति भवन’. मराठी माणसाची नजर त्या पाटीवर अडखळते. आडनाव तर घरचे, पण ‘ड’च्या पायाशी नुक्ता बसलेला. इतकी वर्षे हिंदीत राहिल्यावर आडनावालाही तिथला वेष चढतो. आसपासच्या बनारसी माणसाला विचारले तर पराड़करजी हिंदी पत्रकारितेचे भीष्म पितामह होते, हे तो सांगेल. त्या नावात कोकणातले एक खेडे दडले आहे, याची कल्पना त्याला असण्याचे कारण नाही.

बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म काशीतच झाला, १६ नोव्हेंबर १८८३ रोजी. वडील विष्णुशास्त्री महाराष्ट्रातून येऊन इथे स्थिरावले होते. बाबूरावांनी उमेदवारी केली कोलकात्यात. १९०६ मध्ये ते ‘हिंदी बंगवासी’त लागले, मग ‘हितवार्ता’ आणि नंतर ‘भारतमित्र’. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने १९१६ मध्ये त्यांना उचलले आणि काही वर्षे अडकवून ठेवले. १९२० मध्ये सुटून ते काशीला परतले. त्याच वर्षी शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ हे दैनिक सुरू केले, आणि पुढची कित्येक वर्षे पराडकर व ‘आज’ ही दोन नावे हिंदी मुलखात एका श्वासात घेतली गेली. १९३० च्या आंदोलनात ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक काढणाऱ्यांतही ते होते. हिंदीत माणसाच्या नावाआधी ‘श्री’ आणि अनेकांच्या नावांआधी ‘सर्वश्री’ लिहिण्याची पद्धत रुळवण्याचे श्रेय त्यांना देतात. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ हे शब्दही त्यांच्याच टाकसाळीतले म्हणून सांगतात. दुसऱ्यांच्या नावांआधी काय लिहावे हे ज्याने ठरवले, त्याच्या स्वतःच्या नावाचा शेवटचा भाग मात्र त्याच्या वाचकांना कधी उलगडला नसेल.

तो भाग आपल्याला लगेच कळतो. सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यात, पराड नावाचे गाव आहे. तिथला तो पराडकर. पण ‘तिथला’ म्हणताना थोडे थांबावे लागते, कारण खुद्द पराडात राहणाऱ्याला पराडकर म्हणून हाक मारण्यात काही हशील नसते. तिथे सगळेच पराडचे. तिथे माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, बापाच्या नावावरून, धंद्यावरून, नाहीतर एखाद्या टोपणनावावरून. ‘कर’ लागतो तो गावाची वेस ओलांडल्यावर, आणि लावतात ते परक्या गावातले लोक. गावावरून पडलेली आपली बहुतेक आडनावे अशी गाव सोडल्याच्या दाखल्यासारखी आहेत. दीनानाथांनी मंगेशी सोडून नाटक मंडळीबरोबर गावोगाव फिरायला सुरुवात केली, आणि त्या गावाचे नाव मंगेशकर होऊन देशभर गेले. बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव पोंभुर्ले, पण आडनाव जांभेकर. म्हणजे त्यांच्या पूर्वजांनी गाव एकदा आधीच बदललेले होते, आणि आडनाव मात्र मागच्याच मुक्कामावर थांबले होते. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून मराठी पत्रकारिता सुरू करणारा जांभेकर आणि हिंदी पत्रकारिता घडवणारा पराडकर, दोघांची मुळे आजच्या सिंधुदुर्गातच निघावीत, हा योगायोग मला फार आवडतो. त्यातून सिद्ध मात्र काही होत नाही.

याच नियमाची एक गंमत आहे. काशीत तुम्हाला काशीकर भेटायचा नाही. काशीकर भेटतात ते महाराष्ट्रात. श्रौतविद्येचे मोठे अभ्यासक चिं. ग. काशीकर पुण्यात काम करत होते. आडनावातले गाव आणि राहते गाव सहसा एक नसते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडमध्ये अकराव्या शतकापर्यंत सामान्य माणसाला एकच नाव पुरत असे. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये देश जिंकला, १०८६ मध्ये सगळ्या जमिनींची मोजदाद करून ‘डूम्सडे बुक’ तयार केले, आणि हळूहळू वंशपरंपरेने चालणारी आडनावे रुजली. आधी जमीनदारांत, मग शहरवाल्यांत, सर्वात शेवटी शेतमजुरांत. चौदाव्या शतकातली डोईपट्टी आणि १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक चर्चमध्ये सुरू झालेल्या जन्म, लग्न, दफनाच्या नोंदवह्या यांनी ती पक्की केली. लोहार तो स्मिथ, गिरणीवाला तो मिलर, जॉनचा मुलगा तो जॉन्सन. आणि आपल्या ‘कर’सारखी गावांची आडनावे तर पोत्याने. त्यातले सगळ्यात गाजलेले वॉशिंग्टन. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यात या नावाचे गाव होते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्टबर्न नावाच्या ठिकाणाचा विल्यम तिथली जहागीर घेऊन राहायला गेला आणि ‘हार्टबर्नचा’ होता तो ‘वॉशिंग्टनचा’ झाला. घराणे पुढे दुसरीकडे गेले, तिथून अमेरिकेला गेले, आणि त्या खेड्याचे नाव एका देशाच्या राजधानीला लागले. फरक इतकाच की विल्यमला आडनाव मिळाले ते गावात मालक म्हणून आल्यामुळे. आपल्या पराडकर-जांभेकरांना मिळाले ते निघून गेल्यामुळे.

पराडकरांच्या घराण्यात आणखी एक ‘कर’ आहे, आणि तो आईकडून आलेला. सखाराम गणेश देउस्कर हे बाबूरावांचे मामा. देउस्करांचे पूर्वज कोकणातल्या देऊस गावचे. सखारामांचा जन्म १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावात झाला. ते शिक्षक झाले, पत्रकार झाले आणि लिहू लागले बंगालीत. १९०४ मधले त्यांचे ‘देशेर कथा’ हे इंग्रजी राजवटीतल्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडणारे पुस्तक. बंगालच्या फाळणीच्या दिवसांत ते हातोहात खपले, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यातही त्यांचा मोठा हात. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेला रवींद्रनाथ ठाकुरांची ‘शिवाजी उत्सव’ ही कविता जोडलेली होती. ‘देशेर कथा’ हिंदीत आणले ते भाच्याने, म्हणजे पराडकरांनी.

मामा बंगाली लेखक, भाचा हिंदी संपादक, आणि दोघांच्या नावांच्या शेपटाला कोकणातली दोन खेडी. भाषा बदलली, लिपी बदलली, ‘कर’ तेवढा टिकला. पण हे नाते आडनावांतून दिसत नाही, कारण ते अन्नपूर्णाबाईंमधून, म्हणजे बाबूरावांच्या आईमधून जाते. आडनाव बापाच्या रेघेने खाली उतरते. आईची रेघ त्यात पुसलेली असते. घराण्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. देउस्कर वगळून पराडकर समजायचे नाहीत, आणि आडनाव तर देउस्करांना वगळूनच तयार झालेले असते.

पराडकर काशीला आलेल्या पहिल्या मराठी माणसांतले नव्हेत. त्यांच्या आधी निदान साडेतीनशे वर्षे पैठणहून एक घराणे इथे आले होते. रामेश्वरभट्ट हे विश्वामित्र गोत्राचे देशस्थ पंडित १५२२ च्या सुमारास काशीला पोचले. मुलगा नारायणभट्ट १५१३ चा, म्हणजे लहान पोर. त्या पोराने पुढे ‘त्रिस्थळीसेतु’ लिहून काशी, प्रयाग, गया इथल्या यात्राविधींची घडी बसवली आणि ‘जगद्गुरू’ ही पदवी मिळवली. विश्वेश्वराच्या देवळाची १५८५ च्या सुमारास झालेली उभारणी परंपरेने त्याच्या आणि राजा तोडरमलाच्या नावावर सांगितली जाते. नारायणभट्टाचा मुलगा शंकरभट्ट. याने एक वेगळे काम केले. आपल्या घराण्याचा इतिहासच संस्कृतात लिहिला: ‘गाधिवंशानुचरित’. गाधी हा विश्वामित्राचा बाप, म्हणून घराण्याचे नाव गाधिवंश. सोळाव्या शतकातल्या एका कुटुंबाने स्वतःबद्दल लिहून ठेवणे ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट. हरप्रसाद शास्त्रींनी १९१२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त काशीच्या दक्षिणी पंडितांवर जो लेख लिहिला, त्याला या ग्रंथाचा मोठा आधार होता.

या घराण्याची पुढची पाती मोजत बसलो तर पाने संपतील. दोनच सांगतो. शंकरभट्टाचा पुतण्या कमलाकरभट्ट, ‘निर्णयसिंधु’चा कर्ता, ग्रंथाचे वर्ष १६१२. लक्ष्मीपूजन नेमके कोणत्या दिवशी यावर वाद पेटला की पंचांगकर्ते आजही ज्या ग्रंथांची पाने उलटतात, त्यांतला हा एक. दुसरा शंकरभट्टाचा मुलगा नीलकंठभट्ट. त्याच्या ‘व्यवहारमयूखा’ला इंग्रजी अमलात मुंबईच्या हायकोर्टाने गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात वारशाच्या प्रश्नांवर ‘मिताक्षरा’ या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाच्याही वरचे स्थान दिले. काशीच्या गल्लीत बसून लिहिलेल्या पोथीवरून गिरगावातल्या भावांच्या वाटण्या झाल्या.

आणि या सगळ्यांचे आडनाव? भट्ट. ते आडनाव म्हणायचे तरी कसे, हाच प्रश्न. भट्ट म्हणजे विद्वान ब्राह्मण, एक मानाची उपाधी. ती इतक्या पिढ्या लागली की नावाला चिकटून गेली. इथे गाव नाही, धंदा नाही, विद्येचा शिक्का आहे. म्हणूनच भट्ट-भट या नावाने कुणाचे कुणाशी नाते जोडू नये. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट, ज्यांचे घराणे पुढे पेशवे झाले, ते चित्पावन. त्यांचा पैठणच्या या देशस्थ भट्टांशी रक्ताचा संबंध नाही. गुजरातेतले भट्ट निराळे, कर्नाटकातले निराळे, काश्मीरचे आणखी निराळे. इंग्लंडातले सगळे स्मिथ एका लोहाराची नातवंडे नसतात, तेच हे.

काशीच्या इतर दक्षिणी पंडितांची आडनावे पाहिली तर आडनाव पडण्याच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा तिथे सापडतात. शेष घराणे व्याकरणाचे. त्यातले शेषकृष्ण हे भट्टोजी दीक्षितांचे गुरू. धर्माधिकारी हे तर अधिकारपदच. न्यायशास्त्रावर ‘न्यायकौस्तुभ’ लिहिणारे महादेव पुणतामकर हे गोदावरीकाठच्या पुणतांब्याचे, म्हणजे ‘कर’ संस्कृत ग्रंथाच्या मुखपृष्ठापर्यंत जाऊन बसला. महाभारताचे टीकाकार नीलकंठ हे कोपरगावचे. त्यांनी आपले आडनाव चक्क संस्कृतात नेले: चौधरीचे ‘चतुर्धर’. अशा भाषांतरात थोडी मिरवण्याची हौस असतेच. पण काशीत भारतभरच्या पंडितांसमोर उभे राहायचे, तर घरचे नाव नीट धुऊन नेसावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. व्याकरणाचे महामेरू नागेशभट्ट यांचे घराण्याचे आडनाव काळे. आज त्यांना कुणी नागेश काळे म्हटले तर ओळख पटायला वेळ लागेल. त्यांचे शिष्य वैद्यनाथ मात्र पायगुंडे हे आडनाव राखून राहिले.

ही नावे कागदावर पक्की व्हायला कारणही तसेच घडत होते. महाराष्ट्रात जातीचा, वृत्तीचा, पंक्तीचा वाद मिटेना की तो काशीला जाई. विश्वेश्वराच्या देवळातल्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा बसे आणि निर्णयपत्र लिहिले जाई. १६५७ मध्ये देवरुखे ब्राह्मणांच्या दर्जाबद्दल असेच एक पत्र झाले. त्यावर सत्तराहून अधिक पंडितांच्या सह्या आहेत. रा. स. पिंपुटकरांनी १९२६ मध्ये ‘चितळेभट्ट प्रकरण’ या पुस्तकात हे कागद छापले, म्हणून ते आपल्याला वाचायला मिळतात. अशा पत्रावर नुसते ‘महादेव’ किंवा ‘विश्वनाथ’ लिहून भागत नाही. त्या नावाचे दहा जण समोर बसलेले असतात. कोण कुठला, कोणत्या घराण्याचा, हे दाखवावेच लागते. इंग्रजांनी हजेरीपट, खानेसुमारी आणि शाळेची दप्तरे आणली, मग आडनावे आली, असे आपण सर्रास म्हणतो. ते अर्धेच खरे. शाळेच्या दप्तराने ती सक्तीची केली, एवढे नक्की. पण सह्यांची गरज त्याच्या कितीतरी आधीची आहे. बारा वर्षांनी, १६६९ मध्ये, ते देऊळ औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले, आणि मुक्तिमंडपही गेला.

आणखी पाच वर्षांनी त्याच भट्ट घराण्यातला एकजण रायगडावर होता. विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट, कमलाकरभट्टाचा पुतण्या. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक सगळ्यांना माहीत आहे. त्यातला आडनावांचा भाग तितका बोलला जात नाही. भोसल्यांचे क्षत्रियत्व सिद्ध करायला त्यांची वंशावळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेली गेली, म्हणजे वाद होता तो एका घराण्याच्या नावाचाच. ते मान्य करणाऱ्या पंडिताचे स्वतःचे आडनाव मात्र मुळात उपाधी. या सगळ्यात खटपट करणारे बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. पदावरून चिटणीस झाले आणि त्यांचे वंशज चिटणीसच राहिले. म्हणजे कुळ, उपाधी आणि पद, तिघेही एकाच मंडपात. मला या तिघांत चिटणीस सगळ्यात प्रामाणिक वाटते. त्यात पुराणाचा आधार शोधावा लागत नाही, नुसते काम सांगितलेले आहे.

काशीला आल्यावर आडनाव गळून पडण्याचीही उदाहरणे आहेत. १७९१ मध्ये जोनाथन डंकन याने इथे संस्कृत पाठशाळा काढली. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्या पाठशाळेत १८४२ पासून नृसिंह परांजपे गणित-ज्योतिष शिकवू लागले. जग त्यांना ओळखते बापूदेव शास्त्री म्हणून. ‘सूर्यसिद्धांता’चे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले, आणि त्यांच्या नावाचे दृक्सिद्ध पंचांग वाराणसीत चालू राहिले. पंचांगावर ‘परांजपे’ कुठेही नाही. १८६९ मध्ये दुर्गाकुंडाजवळ दयानंद सरस्वतींशी वाद करायला जे पंडित बसले, त्यांतले बालशास्त्री म्हणजे रानडे. त्यांनाही काशी बालशास्त्री एवढ्यावरच ओळखे. शास्त्री हे बिरुद एवढे जड की मागचे आडनाव त्याखाली दबून जाई. वर काशीतल्या हिंदी माणसाला परांजपे काय नि रानडे काय, दोन्ही सारखेच अपरिचित. शास्त्री मात्र चटकन कळतो.

उलट प्रवासही आहे. तमिळ मुलखातून आलेल्या घराण्यांना दक्षिणेत कुणी ‘द्रविड’ म्हणणार नाही. ते नाव पडते उत्तरेत किंवा महाराष्ट्रात आल्यावर. काशीच्या रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयाशी निगडित राजेश्वरशास्त्री द्रविड हे असेच. घरात मराठी बोलणारा इंदूरचा राहुल द्रविडही त्याच वाटेने आलेले आडनाव घेऊन बेंगळुरूला वाढला. तिथे तर सगळेच द्रविड!

घाटांवरून चालत गेले की मराठी आडनावे दगडात वाचायला मिळतात. नागपूरकरांचा भोसले घाट. त्यांच्याच दरबारच्या श्रीधर नारायण मुन्शींचा मुन्शी घाट. मणिकर्णिकेला लागून बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला घाट. पायथ्याशी रत्नेश्वराचे कललेले देऊळ आहे, म्हणून फोटोवाले तिथे नेहमी असतात. पण त्याला शिंदे घाट म्हणून विचारले तर नावाडी बुचकळ्यात पडेल. तो आहे सिंधिया घाट. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या पाटलांचे हे घराणे, आडनाव शिंदे. इंग्रजांनी आपल्या कानाला जसे पडले तसे लिहिले, त्यांच्या लेखणीतून ‘सिंदिया’ निघाले, हिंदीत ‘सिंधिया’ झाले, आणि ग्वाल्हेरच्या घराण्याने तेच आपले म्हणून वापरले. साहेबाच्या लेखणीतून गेलेले मराठी आडनाव शोधायचे झाले, तर ते या घाटाच्या नावात सापडते. होळकरांचे मात्र असे झाले नाही. नीरेकाठचे होळ हे गाव त्या नावात शाबूत राहिले, आणि १७८० मध्ये अहिल्याबाईंनी बांधलेल्या विश्वनाथाच्या देवळाबरोबर ते काशीत कायमचे आले.

बायकांच्या बाबतीत आडनावांचा इतिहास नेहमीच अपुरा पडतो, आणि काशीइतके ठळक उदाहरण दुसरीकडे क्वचितच मिळेल. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा काशीला राहत. त्यांच्याकडे मोरोपंत तांबे नोकरीला होते. त्यांच्या मुलीचे नाव घाटावरून ठेवले गेले, मणिकर्णिका. अस्सीजवळच्या भदैनीत तिचे जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाले, तांबे गेले, नेवाळकर आले, मणिकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली. आज भारतभर तिचे पुतळे आहेत, पण दोन्हीपैकी एकही आडनाव लोकांच्या तोंडी नाही. तिला लागले ते झाशीचे नाव.

पंडितांच्या निर्णयपत्रांपलीकडे आणखी एक दप्तर आहे, ते तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक, त्र्यंबक, गया, हरिद्वार, कुठल्याही तीर्थावर पहिला प्रश्न ‘गाव कोणते?’ असा येतो. आडनाव नंतर. हे मला बरोबर वाटते. एका आडनावाची शंभर घराणी असू शकतात. गावाचे नाव सांगितले की वही उघडते, आणि आजोबांच्या हाताची मोडी ओळ समोर येते.

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेचे मुख्य आचार्य म्हणून काशीचे लक्ष्मीकांत दीक्षित यांचे नाव देशभर झाले. तेव्हा वर्तमानपत्रांनी छापले की घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे आणि गागाभट्टांच्या वंशातले. जून २०२४ मध्ये ते वारले. दीक्षित हीसुद्धा पदवीच. सोमयागाची दीक्षा घेतलेल्याला मिळणारी, आणि नंतर मुलानातवंडांकडे आपसूक जाणारी. पैठणचे भट्ट आणि जेऊरचे दीक्षित यांच्यातला धागा नेमका कुठून जातो, ते वंशावळींचे अभ्यासक पाहतील. आडनावावरून तो सापडायचा नाही. एखाद्या पिढीत कुणी त्यांना जेऊरकर म्हणायला लागले असते, तर निदान जेऊरची तरी शोधाशोध वाचली असती.